हुशारी : एका शब्दाची हकीकत



मराठी घरात दिवसातून दोन-चार वेळा तरी कानांवर पडणारा एक शब्द आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे. तो शब्द म्हणजे ‘हुशारी’. दुपारची झोप काढून उठलेला गृहस्थ चहाचा पेला खाली ठेवतो आणि म्हणतो, ‘आता जरा हुशारी वाटली.’ तापातून उठलेल्या माणसाला शेजारीण विचारते, ‘आज हुशारी आहे ना?’ आणि त्याच घरात, कदाचित त्याच दिवशी, परीक्षेचा निकाल हाती घेऊन कोणी कौतुकाने म्हणते, ‘पोर मोठे हुशार आहे हो!’

पहिल्या दोन वाक्यांतील हुशारीचा बुद्धीशी काडीचाही संबंध नाही. चहा पिऊन कोणाला त्रैराशिक येऊ लागल्याचे ऐकिवात नाही. तेथे हुशारी म्हणजे तरतरी, अंगात आणि मनात पुन्हा संचारलेला जिवंतपणा. ती येते आणि जाते, थकव्याने मावळते आणि विश्रांतीने परत उगवते. तिसऱ्या वाक्यातील हुशारी निराळी. ती उंचीसारखी किंवा डोळ्यांच्या रंगासारखी, एकदा असली की असली आणि नसली की नसली, अशी आपली समजूत असते. एकाच शब्दाला हे दोन अर्थ कसे चिकटले, त्यांतला आधीचा कोणता, आणि नंतरच्याने आधीच्याला कोपऱ्यात कसे लोटले, हे पाहण्याचा माझा विचार आहे. मी पेशाने शिक्षक आहे. हा शब्द आमच्या हाती सुताराच्या हातातील पटाशीसारखा सदैव असतो, आणि पटाशीने लाकूड जसे घडते तसे ते फुटतेही. तेव्हा हा विषय माझ्यापुरता तरी केवळ कुतूहलाचा नाही.

शब्द फारसी आहे. मूळ रूप ‘होशियार’ किंवा ‘हुशयार’. ‘होश’ म्हणजे शुद्ध, भान. ‘बेहोश’ हा त्याच घराण्यातला शब्द आपल्याला परिचित आहेच. फारसीच्या पूर्वजांकडे मागे गेले, तर पारशी लोकांच्या अवेस्ता ग्रंथाच्या भाषेत ‘उशि’ हा शब्द कान आणि समज अशा दोन्ही अर्थांनी आढळतो. ज्याचे कान उघडे त्याला समज आली, असा काहीसा तो विचार दिसतो. ‘यार’ हा शेवटचा भाग शहरयार, बख्तयार अशा नावांतही आहे. तेव्हा होशियार म्हणजे ज्याचे भान त्याच्यापाशी आहे असा मनुष्य.

शब्दाचा अर्थ नीट पाहावयाचा असेल, तर त्याचा विरोधी शब्द कोणता ते पाहावे, असे आम्ही मुलांना सांगतो. तो नियम येथे लावून पाहण्यासारखा आहे. फारसी काव्यात होशियाराच्या समोर उभा राहतो तो मठ्ठ मनुष्य नव्हे, तर ‘मस्त’, म्हणजे मद्याने किंवा प्रेमाने धुंद झालेला. सूफींच्या नक्शबंदी पंथात ‘होश दर दम’ असे एक साधनेचे सूत्र आहे. प्रत्येक श्वासागणिक भान ठेवावे, असा त्याचा आशय. बुद्धिमान, समंजस ही छटा फारसीतही पुढे या शब्दाला आली, हे खरे. पण तिचा पाया भानाचा आणि जागेपणाचा आहे.

दक्षिणेत बहामनी राज्याची स्थापना १३४७ साली झाली, आणि त्यानंतर जवळजवळ तीन शतके मराठी मुलखाचा कारभार फारसी जाणणाऱ्या दरबारांच्या हाती राहिला. कुलकर्ण्याच्या दप्तरातून, देशमुखाच्या वतनपत्रांतून, शिलेदाराच्या तोंडून फारसी शब्द मराठीत शिरले. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा या शब्दांचा विचार झाला. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे राज्यव्यवहारकोशाचे काम सोपविण्यात आले, आणि कारभारातील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला, डबिराचा सुमंत झाला, सरनोबताचा सेनापती झाला. हुद्द्यांची नावे हुकमाने बदलता येतात. त्यांतलीही काही पुढे आपल्या जुन्या नावांवर परत गेली. ‘पेशवा’ हा शब्द कोठे गेला, हे आपण जाणताच. पण जागे राहण्याला काय म्हणावे, हे कोणत्याही दरबारात ठरत नाही. ‘हुशार’ तोंडातला शब्द होऊन बसला होता, आणि तो तसाच राहिला.

पुढे या शतकांचा सारा हिशेब एका कवीने मांडला. माधव जूलियन या नावाने कविता लिहिणारे माधव त्र्यंबक पटवर्धन हे फारसीचे प्राध्यापक. जन्म बडोद्याचा, १८९४ सालचा. त्यांचा फारसी-मराठी कोश १९२५ साली प्रसिद्ध झाला, आणि आपण रोज उच्चारीत असलेल्या शब्दांपैकी किती शब्द इराणातून आले आहेत, हे मराठी वाचकाला एकत्र पाहावयास मिळाले. गंमत अशी की, आरंभी आपल्या कवितेत फारसी शब्दांची मुक्त उधळण करणारा हाच पंडित पुढे भाषाशुद्धीचा कैवारी बनला, आणि १९३८ साली त्याने ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. त्या चळवळीने मराठीला काही चांगले शब्द दिले, ते आपण वापरतो. ‘हुशार’ मात्र त्या छाननीतूनही सुखरूप बाहेर पडला. ‘चतुर’ म्हणावे तर त्याला किंचित लबाडीचा वास, ‘बुद्धिमान’ म्हणावे तर तो शब्द पागोटे घालून आल्यासारखा. आणि चहाने येणाऱ्या हुशारीला तर त्या दोघांचाही उपयोग नाही.

हा शब्द मराठीत रुजविला कोणी? माझा तर्क असा की, दप्तरातल्या लेखणीपेक्षा पहाऱ्यावरच्या भाल्याने त्याचा प्रसार अधिक केला असावा. मराठ्यांच्या राज्याचे सारे बळ किल्ल्यांत होते. किल्ल्यावर हवालदार, सबनीस, सरनोबत, कारखानीस अशी अधिकाऱ्यांची वाटणी असे, ती अशासाठी की एकट्याच्या फितुरीने किल्ला जाऊ नये. सूर्यास्ताला दरवाजे बंद व्हावयाचे, किल्ल्या हवालदारापाशी राहावयाच्या, रात्री तटावरून गस्त फिरावयाची. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांविषयीचे प्रकरण किती बारकाईने लिहिले आहे, ते वाचकांनी जरूर पाहावे. किल्ला दगडांनी राखला जात नाही, जाग्या माणसांनी राखला जातो, ही जाणीव त्यात ठायीठायी आहे. अशा ठिकाणी ‘हुशार’ या शब्दाच्या समोर उभा राहणारा शब्द म्हणजे ‘गाफील’.

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे कोंडाण्याचा कडा चढून गेले. वर उदेभानाची शिबंदी होती. ती माणसे निर्बुद्ध होती, असे कोणी म्हणणार नाही. पुढे जी हातघाई झाली तीत ती शर्थीने लढली, तानाजी पडले आणि उदेभानही पडला. पण कड्याच्या बाजूने कोण येणार, अशा भरवशावर त्या घटकेला ती गाफील होती. तीन वर्षांनी, १६७३ च्या मार्च महिन्यात, कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या साठ माणसांनिशी रात्री पन्हाळा घेतला, त्याचीही कथा अशीच. पाऊणशे वर्षे वयाचा, अक्षरशत्रू, पण त्या घटकेला जागा असलेला एक पहारेकरी त्या कड्यावर असता, तर जुन्या मराठीत तो हुशार ठरला असता, आणि गुळगुळीत फारसी लिहिणारा पण झोपी गेलेला मुनशी हुशार ठरला नसता. हुशारी हा त्या रात्रीपुरता हिशेब होता. दुसऱ्या रात्री तो पुन्हा नव्याने मांडावा लागे.

दरबारातही चोपदार ‘बा अदब, बा मुलाहिजा, होशियार’ असे पुकारीत, तेव्हा हजर मंडळींच्या बुद्धीची ते स्तुती करीत नसत. सावध व्हा, नीट उभे राहा, एवढेच त्यांचे सांगणे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथल्या मंडळींना दरबारी थाटाची आठवण वाडवडिलांच्या तोंडून मिळालेली असेल. आता ती ललकारी नाटक-सिनेमातच उरली आहे.

आपण मराठी मंडळी महाराष्ट्राच्या कडेकडेने पसरलेलो आहोत, आणि त्याचा एक लाभ असा की, एकच शब्द शेजारच्या घरी कसा नांदतो, हे आपल्याला परक्या ग्रंथात शोधावे लागत नाही. खिडकीतून दिसते. बेळगावच्या बाजारात कानडी माणूस ‘हुषारिल्ला’ म्हणतो. नवखा मराठी मनुष्य समजतो की, बिचारा आपल्या मठ्ठपणाची कबुली देत आहे! वस्तुतः तो म्हणतो, ‘बरे वाटत नाही.’ कानडीत ‘हुषार’ म्हणजे प्रकृतीने धड, आणि मोठ्याने उच्चारला तर ‘जपून हं!’ आमच्या भागातील शाळांत कानडी घरची मुले मराठी वर्गात येतात. अशा एका मुलाला दोन दिवसांच्या गैरहजेरीनंतर गुरुजींनी सहज विचारले, ‘काय रे, तू हुशार ना?’ त्यांना म्हणावयाचे होते, एवढा हुशार असून गृहपाठ कसा राहिला? मुलाने नम्रपणे उत्तर दिले, ‘हो गुरुजी, ताप गेला.’ वर्ग हसला. मला विचाराल, तर त्या मुलाचे उत्तर शब्दाच्या मूळ अर्थाला अधिक धरून होते.

हैदराबादकडे चला. तेलुगूत ‘हुषारु’ म्हणजे निव्वळ उत्साह, उल्हास, रंगात आलेली वृत्ती. सभा हुषारुत चालली होती, गाणे हुषारुचे झाले, असे तेथे म्हणता येते. आणखी दक्षिणेस गेले की ‘ह’ गळून पडतो. तमिळ मनुष्य ‘उषार’ म्हणतो तो सावधगिरीच्या इशाऱ्यासाठी. मलयाळी मनुष्य ‘उषार’ म्हणतो तो जोमदार, झकास अशा अर्थाने. उलट बडोद्याला गुजराती शेजारी ‘होशियार’ म्हणेल, तेव्हा बहुधा त्याच्या मनात हिशेबाला पक्का, अभ्यासात पुढे असलेला मुलगा असेल. इंदूर-ग्वाल्हेरीकडील हिंदीत चलाखी आणि सावधपणा या दोन्ही छटा आहेत, आणि पंजाबात तर होशियारपूर नावाचे शहरच आहे. गोव्यात कोंकणीने शब्द घेऊन त्याला आपला प्रत्यय लावला आणि ‘हुशारकाय’ असे भाववाचक नाम घडविले. त्यात अकलेचाच भाग मोठा.

एका बीजाची ही रोपे. एका घरी त्याचे आरोग्य झाले, दुसऱ्या घरी उल्हास, तिसऱ्या घरी सावधपणा, चौथ्या घरी अक्कल. मराठीचे विशेष हे की, तिने यांतले बहुतेक अर्थ एकाच छपराखाली ठेवले. ‘हुशारीने राहा’ यात पहारा आहे, ‘हुशारी वाटते’ यात आरोग्य आणि उल्हास आहे, ‘हुशार मुलगा’ यात अक्कल आहे. मात्र घरात तीन भाऊ असले, तरी पुढे सातबाऱ्यावर नाव एकाचेच लागावे, तसे काहीसे होऊ लागले आहे.

शरीराच्या हुशारीविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण तिला मराठीत भगिनी पुष्कळ आहेत आणि त्यांत घोटाळा होतो. टवटवी पानाफुलांची, किंवा फुलासारख्या चेहऱ्याची. ती पाहणाऱ्याला दिसते. तकवा म्हणजे अंगातले बळ, उपास सोडल्यावर येते ते. उमेद, हाही फारसीच, पुढे पाहतो. त्यात आशा आहे. तरतरी हुशारीला सर्वांत जवळची, पण ती थोडी वरवरची. तपकिरीच्या चिमटीनेही येते आणि शिंकेबरोबर जाते. हुशारीत जे आहे ते असे की, मनुष्य मध्यंतरी स्वतःपासून दूर गेला होता, झोपेने, तापाने, दुःखाने वा कंटाळ्याने, आणि आता तो परत आला आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या बाईला हा क्षण अचूक कळतो. डोळे उघडलेले असतात आधीपासून. पण एका क्षणी त्या डोळ्यांना खिडकीतले झाड दिसू लागते, आणि ती म्हणते, ‘आता हुशारी आली.’ या वाक्यात कर्ता कोण आहे पाहा. मनुष्य हुशार झाला, असे ती म्हणत नाही. हुशारी आली. पाहुण्यासारखी आली. बोलावली म्हणून, वाट पाहिली म्हणून आली.

जागेपणाचा अर्थ अकलेकडे वळला, यात आश्चर्य काहीच नाही. भाषांचा तो पायाखालचा रस्ता आहे. संस्कृतात ‘बुध्’ या धातूचा अर्थ जागे होणे. कार्तिकातील एकादशीला देव जागे होतात, म्हणून ती प्रबोधिनी. त्याच धातूपासून ‘बुद्धी’ निघाली आणि बुद्धही निघाला. जुन्या मराठीत, ज्ञानेश्वरीच्या भाषेत, ‘चेणे’ म्हणजे जागे होणे. आणि चूल चेतवणाऱ्या आपल्या आया-बहिणी तेच चैतन्याचे नाते आजही राखून आहेत. गोव्यातील मंडळींना पोर्तुगीजमधील ‘इश्पेर्तु’ हा शब्द ठाऊक असेल. त्याचा आजचा अर्थ चलाख, पण नाते ‘जागा करणे’ या अर्थाच्या ‘देश्पेर्तार’शी आहे. जर्मन लोक तल्लख मुलाला ‘आउफगेवेक्ट’ म्हणतात, म्हणजे अक्षरशः ‘जागा केलेला’. इंग्रजीतील ‘क्विक’ याचा मूळ अर्थ तर ‘जिवंत’ असाच होता. आमच्या चर्चमधील प्रेषितांच्या मतांगीकारात ख्रिस्त जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करण्यास येईल, असे वचन आहे. जुन्या इंग्रजी पाठात तेथे जिवंतांसाठी ‘क्विक’ हाच शब्द आहे, आणि मिशनच्या शाळांत इंग्रजी शिकलेल्या कित्येक मुलांनी तेथे चपळ माणसांचा न्याय होणार असे समजून बालपण काढले असेल! जिवंत, मग चपळ, मग तल्लख, असा त्या शब्दाचा उतार.

तेव्हा रस्ता एकच. फरक पडला तो पुढे, शाळेच्या दारात.

मोल्सवर्थ यांनी मेजर कँडी प्रभृतींच्या साहाय्याने मराठीचा मोठा कोश सिद्ध केला. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. ज्या वर्षी ही दुसरी आवृत्ती निघाली, त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली, आणि १८५९ साली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, सुरू झाली. पुढे खेड्यापाड्यांच्या शाळांनाही परीक्षांचे जाळे पोहोचले. मराठी सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनलने कित्येक घरांत शिक्षक आणि तलाठी निर्माण केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात निकालावर अनुदान देण्याचीही पद्धत होती. तपासनीस यावयाचे, मुलांची परीक्षा घ्यावयाचे, आणि जितकी मुले उत्तीर्ण तितके पैसे शाळेला. या पद्धतीत मास्तराला वर्गातली मुले कशी दिसू लागली असतील, याची कल्पना करणे अवघड नाही. कोण पैसे आणणार आणि कोण बुडविणार, हे त्याला आधीच ठरवून ठेवावे लागे. जुन्या पहाऱ्यावर रोज रात्री नव्याने मांडावयाचा हिशेब येथे वर्षारंभीच एकदा मांडून मिटविण्यात आला. ‘हुशार’ हे विशेषण मुलाच्या आडनावासारखे झाले.

आणि त्याच्या विरोधी जागेवर ‘गाफील’ किंवा ‘मलूल’ न राहता ‘ढ’ येऊन बसला. हे अक्षरही मोठे गमतीचे. अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपी दोन हजारांहून अधिक वर्षांत पार बदलून गेली, पण ‘ढ’ चे वळण जवळपास तसेच राहिले. म्हणून जो शिकून बदलत नाही तो ढ, अशी उपपत्ती शिक्षक-वर्गात सांगतात. उपपत्ती खरी असो वा नसो, तिच्यातला निर्दयपणा लपत नाही. गाफील मनुष्य उद्या सावध होऊ शकतो, मलूल मूल उद्या उठून खेळू शकते. ढ दोन हजार वर्षे ढच.

या शिक्क्याची किंमत किती, हे पाहावयास दूर जावयास नको. निफाडला १८४२ साली जन्मलेले आणि कोल्हापुरास आरंभीचे शिक्षण घेतलेले महादेव गोविंद रानडे लहानपणी अबोल व मंद वाटत, या मुलाचे पुढे कसे व्हावयाचे अशी घरात चिंता असे, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्याच १८५९ च्या पहिल्या प्रवेशपरीक्षेत ते उत्तीर्ण झाले. त्यांच्या बाबतीत चिंता खोटी ठरली, कारण वेळ मिळाला आणि शाळा मिळाली.

एक गोष्ट येथे न्यायाने सांगितली पाहिजे. ‘हुशार’ या नव्या शब्दाने भलेही पुष्कळ केले. परीक्षा नसती, तर जात, वतन आणि ओळख यांखेरीज गरीब मुलाला पुढे येण्यास दुसरी वाट कोणती होती? एखाद्या हेडमास्तरांनी बापाला बोलावून ‘मुलगा हुशार आहे, त्याला शाळेतून काढू नका’ एवढे सांगितले, आणि सात पिढ्यांची चाकरी संपली, अशी घरे आपणा सर्वांच्या माहितीत आहेत. त्या वाक्याला मी हात जोडीन. माझे म्हणणे त्याच्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल आहे, जे त्या दिवशी बोलले जात नाही आणि ज्याच्या भावंडांना ते ऐकू मात्र येते.

पुढे बुद्धी मोजण्याचे शास्त्र निघाले. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेद बिने यांनी सिमाँ यांच्या साहाय्याने पहिली मोजपट्टी तयार केली. ती कशासाठी? ज्या मुलांना शाळेत अधिक मदतीची गरज आहे ती ओळखावीत, यासाठी. बुद्धी ही ठराविक मापाची, न वाढणारी वस्तू आहे असे म्हणणाऱ्यांचा बिने यांनी १९०९ साली आपल्या पुस्तकात कडक शब्दांत निषेध केला. मन लावणे, लक्ष ठेवणे हे शिकविता येते, असे त्यांचे मत होते. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडच्या भागात कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी या मोजपट्टीची सुधारून केलेली आवृत्ती १९३४ साली प्रसिद्ध केली. सीमाभागातल्या वाचकांनी अभिमानाने सांगावे असे हे काम आहे. पण पट्टी हाती आली की लांबी मोजण्याचा मोह होतो, आणि बिने यांचा इशारा बाजूला राहून ‘बुद्ध्यंक’ हा शब्द तेवढा घरोघर गेला. तो गेला तेव्हा ‘हुशार’ या शब्दाने आपली गादी आधीच तयार करून ठेवली होती.

माझा अनुभव शिक्षकाचा, म्हणजे वर्गातला आहे. चौथ्या तासाला, डब्याच्या सुटीआधी, वर्गातली निम्मी हुशारी पोटाबरोबर खाली गेलेली असते. पावसाळ्यात भिजून आलेल्या मुलांत ती दहा वाजेपर्यंत येत नाही. नवे शिक्षक आले आणि प्रेमाने नाव घेऊन विचारू लागले, की मागच्या बाकावरची दोन-तीन डोकी वर येतात. हे सारे कोणाही शिक्षकाला ठाऊक आहे. फक्त त्याला आपण हुशारी हे नाव देत नाही.

प्रगतिपुस्तकात शेऱ्यासाठी जेमतेम एका ओळीची जागा असते. काही वर्षांपूर्वी सातवीतील एका मुलीच्या पुस्तकात मी लिहिले, ‘सकाळच्या तासांना हुशार असते. दुपारी नसते.’ दोन दिवसांनी तिचे वडील आले. टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, ‘गुरुजी, हे कसे हो? हुशार आहे की नाही, ते एकदा सांगा.’ मी विचारले, ती पहाटे किती वाजता उठते? चारला, ते म्हणाले. दुधाचे रतीब घालावयास जाते, अठरा घरे. थोरला मुलगा का जात नाही, असे मी विचारले. ते किंचित संकोचले. म्हणाले, ‘तो हुशार आहे ना, गुरुजी. त्याचा अभ्यास बुडायला नको.’

मी काही बोललो नाही. त्यांनीच पुस्तक पुन्हा उघडले, शेरा पुन्हा वाचला, आणि सही करून घेऊन गेले. पुढच्या सोमवारपासून नऊ घरांचे रतीब थोरल्याकडे आले, असे मुलीने सांगितले.